नाक्सोसच्या टॅव्हर्नावर अख्खा दिवस: आई-बाबांना घेऊन खाणं, डुंबणं आणि परत खाणं

ग्रीसच्या बेटांवर जायचं म्हटलं की सगळे सँटोरिनीचंच नाव घेतात. आम्हीही आधी तेच बघत होतो, पण आई-बाबा सोबत होते आणि तिथे पायऱ्याच पायऱ्या, गर्दी प्रचंड, वाळू काळी आणि उन्हात अशी तापते की अनवाणी चालवत नाही. मग नाक्सोस ठरवलं. सायक्लेड्स बेटांमधलं हे सगळ्यात मोठं बेट, स्वतःची शेती आहे, बटाटे पिकतात, गाई-शेळ्या आहेत, चीज बनतं, म्हणजे टूरिस्ट नसले तरी चालणारं गाव आहे आणि ते जेवणात कळतं. आम्ही जर्मनीत राहतो, आई-बाबा शेंगेन व्हिसावर आलेले, त्यामुळे ग्रीससाठी वेगळी कागदपत्रं करावी लागली नाहीत.

जायच्या आधी मी बरंच शोधलं की तिथे समुद्राकाठच्या साध्या टॅव्हर्नावर, म्हणजे तिथल्या खाणावळीवर, दिवस काढायचा म्हणजे नक्की काय करायचं, खुर्चीचे पैसे कोण घेतं, मासा कसा मागवायचा, शाकाहारी माणसाचं काय, किती वेळ बसलेलं चालतं. मिळाले ते सगळे सूर्यास्ताचे फोटो. म्हणून हे सविस्तर लिहितेय, विशेषतः आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोट असते. मोठी बोट साधारण पाच-साडेपाच तास घेते, वेगवान बोटी लवकर पोचतात पण वारा असला की चांगल्याच हलतात, त्यामुळे वयस्कर माणसं असतील तर मोठीच घ्या, डेकवर फिरता येतं, कॉफी मिळते आणि वेळ छान जातो. वाऱ्याचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेचा मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, दिवसच्या दिवस वाहतो, फार वाढला तर बोटीसुद्धा बंदरातच थांबवतात. आम्ही मुद्दाम सप्टेंबर धरला. वारा बराच उतरलेला असतो, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी कमी, आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून उबदार, २४ अंशाच्या आसपास. जूनमध्ये ऊन कडक असलं तरी पाणी गार लागतं हे लक्षात ठेवा.

नाक्सोसचं मुख्य गाव होरा, बोट तिथेच लागते. बंदरात शिरताना डाव्या हाताला पोर्तारा दिसतो, अपोलोच्या देवळाचा अडीच हजार वर्षांहून जुना संगमरवरी दरवाजा, देऊळ पुरं झालंच नाही, दरवाजा तेवढा उभा आहे. पश्चिम किनाऱ्याला होऱ्यापासून खाली ओळीने बीच आहेत, आयिओस प्रोकोपिओस, मग आयिया आना, मग प्लाका. सीझनमध्ये होऱ्याहून तिकडे केटीईएल या कंपनीची सार्वजनिक बस जाते, तिकीट बंदरावरच मिळतं, टॅक्सीची गरज नाही. आम्ही प्लाकाला उतरलो. जवळजवळ चार किलोमीटर सलग वाळू, मागे वाळूच्या टेकड्या, समोर पारोस बेट. एक सांगून ठेवते, प्लाकाच्या दूरच्या टोकाकडे काही लोक कपड्यांशिवाय पोहतात, जुनी पद्धत आहे तिथली, कुणी कुणाकडे बघत नाही. आई-बाबांसोबत अवघडल्यासारखं होणार असेल तर आयिया आनाच्या बाजूला, सुरुवातीलाच थांबा, तिथे सगळी कुटुंबंच असतात.

आता खुर्च्यांचं. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सगळ्यांचा, म्हणजे स्वतःचा टॉवेल टाकून कुठेही बसायचा हक्क आहे, त्याचे पैसे नाहीत. पण मधल्या काळात बीचबारवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी परवानगीपेक्षा जास्त जागेवर खुर्च्या-छत्र्या मांडून किनारेच अडवले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात समोरच्या पारोसवरचे लोक याच्या विरोधात टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, ते टॉवेल आंदोलन नाक्सोस आणि बाकी बेटांवरही पसरलं, आणि २०२४ मध्ये सरकारने नवा कायदा केला. खुर्च्या-छत्र्यांनी निम्म्याहून जास्त जागा व्यापायची नाही, संरक्षित किनाऱ्यांवर तर ३० टक्क्यांच्या वर नाही, पाण्यालगतचा चार मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, आणि कुणी मोडलं तर लोकांनी थेट ॲपवर तक्रार करायची. मला हे वाचून फार बरं वाटलं. बेटावरच्या साध्या लोकांनी भांडून मिळवलेली मोकळी वाळू आहे ती, आपण पाहुणे म्हणून तिथे टॉवेल टाकतो तेव्हा हे माहीत असावं.

तर पर्याय असे. बीचबारच्या छत्रीखाली दोन आरामखुर्च्यांचे पैसे वेगळे, पहिल्या रांगेत जास्त, मागे कमी, आणि गाणी मोठ्याने. काही टॅव्हर्नांच्या स्वतःच्या खुर्च्या असतात आणि तिथेच खाणार असाल तर ते पैसे घेत नाहीत किंवा अगदी थोडे घेतात, हे बसायच्या आधी विचारायचं. आणि तिसरं म्हणजे टॅव्हर्नाजवळच्या झाडाखाली स्वतःची चटई. प्लाकाला किनाऱ्यालगत झाऊची झाडं आहेत, खारं वारं सोसणारी, बुटकी, पण सावली गार. आम्ही झाडाखाली चटई टाकली आणि वीस पावलांवर टॅव्हर्ना. बाबांना गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी टॅव्हर्नावाल्या काकांनी न विचारता एक लाकडी खुर्ची आणून सावलीत ठेवली, तोवर आम्ही एक कॉफीसुद्धा मागवली नव्हती.

टॅव्हर्ना निवडताना मी एवढंच बघितलं की टेबलं साधी आहेत का, ग्रीक म्हातारे-कोतारे बसलेत का आणि रस्त्यावर उभं राहून मेन्यू हातात कोंबणारा माणूस नाही ना. निळ्या रंगाच्या लाकडी खुर्च्या, वेताची बैठक, छप्पर बोरूचं, खाली थेट वाळू. बाहेर दोरीवर दोन ऑक्टोपस वाळत टाकलेले, कपडे वाळत घालतात तसेच, त्यांचे पाय उन्हात आखडून गुलाबी-तपकिरी झालेले. आईने तिकडे पाठ करून बसायची जागा निवडली आणि मग दिवसभर ती खुश होती.

सकाळी पोचल्यावर आधी कॉफी. ऊन असलं की ग्रीक लोक थंड कॉफीच पितात. फ्रॅपे हा त्यांचाच शोध, १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापारी प्रदर्शनात इन्स्टंट कॉफी थंड पाण्यात घुसळून झालेला. आता तरुण मंडळी फ्रेडो एस्प्रेसो, म्हणजे बर्फावरची थंड एस्प्रेसो, घेतात. मागवतानाच साखर सांगायची असते, स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रिओ मध्यम, ग्लिको गोड. आणि एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कुणी येऊन काही हवंय का म्हणून डोकावत नाही. पहिल्यांदा मलाच चुटपुट लागली की अजून काही मागवावं का, नवरा म्हणाला बस निवांत. आजूबाजूला बघितलं तर सगळे तसेच बसलेले, एक आजोबा तर ग्लासातला बर्फ वितळून जाईपर्यंत पेपर वाचत होते.

मग पाणी. आईचं पोहणं सांगलीचं, लहानपणी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत शिकलेली, पण लग्नानंतर जे सुटलं ते सुटलंच. बाबांच्या वेंगुर्ल्याला घरासमोर समुद्र, पण तिथे ती कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही, लाटा असतात, ओढ असते, भरती-ओहोटी बघावी लागते, आणि बायकांनी असं सगळ्यांसमोर पोहायचं हे तिच्या मनात कधी आलंच नसणार. इथे एजियन समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी वीतभरही वर-खाली होत नाही. वारा पडलेला असेल तर तळ स्वच्छ दिसतो, प्लाकाला तळाशी वाळूच आहे, उतार हळूहळू. आणि पाणी चांगलंच खारट, लिटरमागे ३८-३९ ग्रॅम मीठ, जगातल्या समुद्रांची सरासरी ३५ धरतात, त्यामुळे अंग आपोआप जास्त तरंगतं. आईने टी-शर्ट आणि लेगिंग घातलं होतं. आधी मला म्हणाली मी काठावरच बसते, तू जा.

पण तिथे पाण्यात पाच-सहा ग्रीक बायका उभ्या होत्या, सगळ्या आईच्या वयाच्या नाहीतर मोठ्याच. डोक्यावर गवती टोप्या, गॉगल, कानात डूल, छातीपर्यंत पाण्यात गोल करून उभ्या आणि गप्पा चाललेल्या. पोहणं वगैरे नाही, नुसतं पाण्यात उभं राहून बोलायचं, मध्येच कुणी हात हलवून पाणी मागे सारायचं, परत बोलायचं. आई बराच वेळ बघत राहिली. मग उठली, माझा हात धरून आत आली, आणि कमरेएवढ्या पाण्यात पोचल्यावर हात सोडला आणि सरळ पाठीवर पडली. मला धडकीच भरली पण ती तरंगत होती, डोळे मिटून, हात पसरून, पाय हळू हलवत. इतक्या वर्षांनी शरीराला सगळं आठवत होतं. त्यातल्या एका बाईने हसून ब्राव्हो म्हटलं आणि हाताने खूण करून त्यांच्यात बोलावलं. आई गेली. तिला ग्रीक येत नाही, त्यांना मराठी येत नाही, इंग्लिश दोन्हीकडे थोडंथोडंच, तरी मुलं किती, नातवंडं किती, हे सगळं बोटांवर झालं. मी थोडी लांब पोहून परत आले तरी आई आपली त्यांच्यात उभी. मला तो अर्धा तास अख्ख्या युरोपच्या ट्रिपमध्ये सगळ्यात मोलाचा वाटतो.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्याचा शॉवर असतो काठावर. टॉयलेट टॅव्हर्नाचं वापरायचं, आणि तिथे कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, पाइप अरुंद असतात, सगळीकडे पाटी असतेच.

दुपारचं जेवण तिथे दोन-अडीचच्या पुढे सुरू होतं आणि चार-साडेचारपर्यंत चालतं. आपण बाराला गेलो तरी जेवण मिळतं, पण स्वयंपाकघराला खरा रंग दोननंतर येतो. टेबलावर बसलं की मुलगा येतो, कागदाचा मोठा ताव टेबलावर पसरतो, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंना पत्र्याच्या चिमट्या लावतो, मग ब्रेडची टोपली, पाण्याची बाटली. ब्रेडचे माणशी थोडे पैसे बिलात येतात, ती पद्धतच आहे, वाद घालू नका. मेन्यूवर काही नावांपुढे चांदणी असते, म्हणजे तो पदार्थ गोठवलेल्या मालाचा. कोळंबी, कॅलामारी बऱ्याचदा तशीच असते आणि ते लपवत नाहीत.

मासा कसा मागवायचा हे बाबांमुळे नीट कळलं. मेन्यूवर मोठ्या माशांचा भाव किलोवर लिहिलेला असतो, त्यामुळे नुसतं नाव सांगून मागवायचं नाही, आज काय आलंय ते दाखवा म्हणायचं. काका बाबांना आत घेऊन गेले, बर्फाच्या ड्रॉवरमध्ये मासे मांडलेले. सिपूरा आणि लाव्राकी हे बहुतेक वेळा मत्स्यशेतीतले असतात, स्वस्त पडतात, चवीला ठीक. बाबांनी ते सोडून बार्बूनी उचलला, लालसर छोटा मासा, हनुवटीला दोन मिशा. कल्ला उघडून बघितला, लालभडक, डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला नाही. काकांनी बाबांकडे बघून मान हलवली, त्यांना कळलं हा माणूस मासेवाला आहे. मग काट्यावर वजन आपल्यासमोर करतात, तिथेच किंमत विचारून घ्यायची, तळायचा की कोळशावर भाजायचा ते सांगायचं. बार्बूनी तळतात. वर फक्त मीठ आणि लिंबू. बाबांना मसाल्याशिवाय मासा जात नाही, पण या माशाची गोडी त्यांनी मान्य केली, शेवटी काटे चोखून ताटलीच्या कडेला ओळीने लावून ठेवले होते. नवऱ्याने कोळशावरचा ऑक्टोपस घेतला, उन्हात वाळवल्यामुळे त्यातलं पाणी जातं आणि चव घट्ट होते, वर ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, ओरेगानो.

आणि शाकाहारी आई? तिचं जेवण आमच्यापेक्षा चांगलं झालं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास वर्षभर चालू असतात, बुधवार-शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे, १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाआधीचे पंधरवडाभर, त्यात मांस, दूध, अंडी चालत नाही, त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्या-कडधान्यांची परंपराच आहे. आईसाठी फावा मागवला, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर कच्चा कांदा, केपर आणि ऑलिव्ह तेल. गेमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण कधीकधी त्यात खिमा असतो, विचारून घ्यायचं. यिगांदेस म्हणजे मोठे पांढरे राजमे टोमॅटोत भाजलेले. कोलोकिथोकेफ्तेदेस म्हणजे झुकिनी किसून पुदिना-चीज घालून तळलेले गोळे. आणि नाक्सोसच्या बटाट्याचे ताजे कापलेले तळलेले काप, त्या बटाट्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे आणि खाल्ल्यावर पटतं. एक मात्र जपा. उपासाचं चालतं का असं विचारलंत तर ऑक्टोपस, कोळंबी, माकूळसुद्धा हो म्हणून सांगतील, कारण लाल रक्त नसलेले समुद्री जीव त्यांना उपासाला चालतात. म्हणून मांस नाही, मासा नाही, समुद्रातलं काहीच नाही, असं तिन्ही वेगवेगळं सांगायचं. आणि अगदी कडक शाकाहारी असाल तर चीजबद्दल विचारा, तिकडच्या पारंपरिक चीजमध्ये बऱ्याचदा प्राण्याचं रेनेट असतं, म्हणजे वासराच्या-कोकराच्या पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं विरजण. आईने ते कळल्यावर सॅलड चीजशिवाय घेतलं, टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह, वर तेल-ओरेगानो, आणि शेवटी तळाला साचलेल्या त्या आंबटगोड तेलात ब्रेड बुडवून खाल्ला. शेजारच्या टेबलावर तेच चाललं होतं.

घरची वाइन किलोने मागवतात, अर्धा किलो पांढरी म्हटलं की पत्र्याच्या किंवा काचेच्या भांड्यात येते. जेवण एकदम येत नाही, जे होईल ते येतं, मध्ये ठेवायचं, सगळ्यांनी सगळ्यातलं खायचं. आपल्याला सवय असते सगळं वाढून झाल्यावर सुरुवात करायची, इथे थांबलात तर पहिली ताटली गार होते.

जेवण झाल्यावर आईचा नियम, लगेच पाण्यात उतरायचं नाही. नेमका शेजारच्या टेबलावर एक नातू पाण्याकडे पळायला लागला आणि त्याच्या आजीने त्याचा दंड धरून परत बसवला, बराच वेळ काहीतरी बजावत होती. काकांनी आम्हाला सांगितलं, जेवून तीन तास पोहायचं नाही म्हणतेय. आई एवढी खुश झाली की तिने त्या आजीकडे बघून जोरात मान डोलावली. मग आम्ही सगळे झाडाखाली झोपलो. बाबा खुर्चीतच.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, हे महत्त्वाचं. कितीही वेळ बसा, ते आणून ठेवत नाहीत, कारण तसं करणं म्हणजे उठा म्हणण्यासारखं. आपण लोगारियास्मो म्हणायचं. बिलाच्या आधी कलिंगडाच्या थंड फोडी आल्या, सोबत कित्रोचे छोटे ग्लास, दोन्ही त्यांच्याकडून. कित्रो हे नाक्सोसचं खास मद्य, महाळुंगाच्या पानांपासून काढतात, हाल्की गावात १८९६ पासून चालू असलेली भट्टी आहे, हिरवं सगळ्यात गोड आणि सौम्य, पिवळं कडक. चौघांचं पोटभर जेवण, मासा, ऑक्टोपस, वाइन धरून शंभर-सव्वाशे यूरोच्या दरम्यान झालं. त्यात मोठा वाटा माशाचा, नुसतं शाकाहारी जेवलात तर निम्म्यातही होतं. छापील पावती घ्या, पावती दिली नाही तर पैसे देणं बंधनकारक नाही असं तिथल्या मेन्यूवरच लिहिलेलं असतं. टिप सक्तीची नाही, थोडे सुटे टेबलावर ठेवले तर त्यांना आवडतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत पाण्यात गेलो, यावेळी आईनेच आधी. मी आणि नवरा लांबपर्यंत पोहून आलो, आई काठालगत समांतर जात होती, हात जुने पण लय बरोबर. बाबा पँट दुमडून घोट्यापर्यंत पाण्यात, काकांशी मासे कुठे मिळतात यावर बोलत, काका ग्रीक-इंग्लिशमध्ये, बाबा मालवणी-इंग्लिशमध्ये.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेट फिरायचं ठरवलं होतं, हाल्की, डोंगरातली गावं वगैरे. आई म्हणाली तुम्ही जाऊन या, मला तिथेच सोडा. शेवटी चौघंही तिथेच गेलो आणि डोंगर राहून गेला, त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. तुम्ही जाणार असाल तर संध्याकाळच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच स्टॉपवर बघून ठेवा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात फेऱ्या कमी होत जातात. थोडी रोख जवळ असू द्या. आणि आईसाठी पोहायचे नीट कपडे घरूनच घेऊन जा, अंगभर, पटकन वाळणारे, कारण होऱ्यातल्या दुकानात तसे मिळेपर्यंत आमची अर्धी सकाळ गेली आणि तोवर त्या टोपीवाल्या बायका पाण्यात उतरल्यासुद्धा होत्या.